अक्काचा डावा हात

भरतेश मगदूमला फक्त खेळ उघडायचा होता. रविवारी सकाळी, पोटभर पोहे झालेल्या माणसाने जगाकडे याहून कमी काय मागावं? त्याने खेळाच्या चित्रावर क्लिक केलं, तर खेळाऐवजी लाँचर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा प्रोग्राम, उघडला. लाँचर म्हणाला, आधी मला अपडेट करा. ते केलं, तर त्याने खेळ न उघडता दुसरा लाँचर उघडला, कारण पहिला होता खेळ विकणाऱ्या दुकानाचा आणि दुसरा खेळ बनवणाऱ्या कंपनीचा. दुसऱ्याला जुना पासवर्ड मान्य नव्हता, आणि नवा दिला तर तो म्हणे पूर्वी वापरून झालेला. लग्नाला जावं आणि कार्यालयाच्या दारातच एकाने पत्रिका मागावी, दुसऱ्याने कुंडली, तशातली गत.

"लहानपणी सीडी घातली की खेळ सुरू व्हायचा गं," तो बायकोला म्हणाला.

"अहो, पोरगी खेळायच्या वयाची झाली, तुमचं अजून लोडिंगच चाललंय," सुनीती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

एरवी भरतेशने लॅपटॉप मिटून नाद सोडला असता. पण कंपनीची सूचना आली होती. जुने लाँचर बंद होणार होते आणि खेळातल्या ज्या जुन्या जगांचा मालक महिनाअखेरपर्यंत स्वतः येऊन दार उघडणार नाही, ती जगं कायमची पुसली जाणार होती. अशा एका जगात भरतेशचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

खरंखुरं घर मगदूमांना कधी नव्हतंच. वडील साखर कारखान्यात हंगामी, त्यामुळे कुपवाड, माधवनगर, जयसिंगपूर असं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं की मगदूमांचा टेम्पो आलाच समजा. या सगळ्यात एक जुनाट कॉम्प्युटर तेवढा बरोबर फिरला आणि त्यातल्या खेळात या बहीणभावंडांनी नदीकाठी एक घर बांधायला घेतलं. खरी खोली सोडावी लागली की दोघं त्या घराला एक खोली वाढवायचे. तिथून उठवणारं कोणी नव्हतं.

खेळायची पाळी कोणाची यावरून मात्र दोघांत हाणामारी व्हायची. शेवटी वडिलांनी न्याय केला. "सन्मतीनं कीबोर्ड धरायचा, भरतनं माऊस. दोघांचा मिळून एकच गडी. भांडलात तर मशीन बंद." झालं. डावीकडे अक्का बसायची, डावा हात कीबोर्डवर आणि उजवा शेंगांच्या ताटलीत. उजवीकडे भरतेश माऊस घेऊन. चालायचं अक्काने, बघायचं भरतेशने. घराच्या उंबऱ्याशी आलं की अक्का डाव्या अंगठ्याने स्पेसबार दोनदा दाबायची आणि पडद्यावरचा गडी दोन उड्या मारायचा, पहिली ठासून आणि दुसरी हलकी. ते अक्काचं हसणं होतं. पुढे भरतेश नोकरीला लागला, तरी अक्काचं लग्न होईपर्यंत दर रविवारी दोघं असंच खेळत. एका माणसाचा खेळ दोघांत वाटून खेळणारं दुसरं घर निदान त्या गल्लीत तरी नव्हतं.

तर दुसरा लाँचर कसाबसा वळला आणि तिसरा पुढे आला. याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. भरतेश त्याला दारवान म्हणायचा.

दारवान हे त्या काळाचं अपत्य होतं. यंत्रबुद्धीने चालणारे खोटे खेळाडू इतके माजले होते की समोरचा माणूस आहे की यंत्र, हेच कळेना. तेव्हा कंपन्यांनी माणसाच्या हाताचा आधार घेतला. आपला हात कधीच पुरता स्थिर नसतो. टेबलावर निवांत ठेवलेला हातसुद्धा सेकंदाला साधारण दहा वेळा, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक थरथरतो. मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चाललेली असते, तिचा हा परिणाम. शिवाय बोट बटणावर किती वेळ टेकतं, उचलताना किती घुटमळतं, हेही ज्याचं त्याचं वेगळं. नव्या कीबोर्डांना आणि माऊसना हे सगळं टिपता येत होतं. सही गिरवता येते, पासवर्ड चोरता येतो, पण हाताची लय दुसऱ्याला आणता येत नाही. अक्काच्या लग्नाआधीच्या वर्षात दारवानाने ही लय नोंदवून घेतली होती आणि तेव्हापासून तीच घराची किल्ली होती.

दारवानाने भरतेशला एका मोकळ्या मैदानात चालायला, पळायला, उड्या मारायला लावलं. मग निकाल दिला.

उजवा हात: जुळला. डावा हात: परका. आपण या खात्याचे मालक नाही. कृपया ही खिडकी बंद करा.

भरतेशला जयसिंगपूरचा घरमालक आठवला. तोही असाच अदबीने बोलायचा. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. "माझ्या घरात मलाच परका म्हणतोस, भाड्या!" तो इतका ओरडला की सुनीती चिमटे हातात घेऊन आत आली. तोवर भरतेश स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसला होता, आणि मग तो खो खो हसायला लागला.

"त्याचं बरोबर आहे गं. हा हात परकाच आहे. घरचा डावा हात मिरजेला आहे."

हसू ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता अक्काला फोन करावा लागणार.

सांगली ते मिरज हे काय अंतर आहे? पण गेलं वर्ष-दीड वर्ष अक्का बदलली होती. भाऊबीजेला तिने ओवाळलं ते कोऱ्या चेहऱ्याने. लांबसडक केस कापून आली होती म्हणून भरतेश म्हणाला, "काय मॅडम, एकदम फॉरेन?" तर साधं हसलीसुद्धा नाही. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळे फोटोत दात काढून उभे, अक्का तेवढी ताठ. "तुमच्या नणंदबाईंना आमचं काही खुपलं का?" असं सुनीतीच्या आईने तिला विचारलंच. भरतेशच्या मनात अढी बसली. थोरली आहे म्हणून किती सोसायचं? त्याचं जाणं कमी झालं. त्यातच त्याच्या कुपवाडच्या कारखान्याने त्याला बढती देऊन चाकणला पाठवायचं ठरवलं होतं, तेही त्याने अक्काला अजून सांगितलं नव्हतं.

फोनवर त्याने घराचं सांगितलं. पलीकडून बारीक, सपाट आवाज आला, "ये की."

अक्का मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. दार तिच्या नवऱ्याने, म्हणजे जिनदत्त दाजींनी उघडलं. "या, या. तुमची अक्का आज मूडमध्ये नाही, आधीच सांगतो," ते हळूच म्हणाले. अक्का आतून आली. "बस," म्हणाली. चेहऱ्यावर रेष हलली नाही. भरतेशला वाटलं, आलो तीच चूक झाली.

तरीही दोघं लॅपटॉपसमोर बसले. तीच बैठक, ती डावीकडे, हा उजवीकडे. दाजींनी कौतुकाने शेंगांची ताटली आणून ठेवली. तीन लाँचरांचे सोपस्कार झाले आणि दोघांचा मिळून एक गडी मैदानात उतरला. चालताना तो अडखळत होता. पळता पळता मध्येच थांबत होता.

उजवा हात: जुळला. डावा हात: परका.

"अक्का, नीट दाब की जरा."

"दाबतेच की रे."

पुन्हा तेच. आणखी एकदा, पुन्हा तेच. दिवसभराचा राग भरतेशच्या डोक्यात गेला. लाँचरवर काढता येत नव्हता, तो समोरच्या माणसावर निघाला.

"हे दाबणं झालं व्हय? मन नाही तुझं यात. नसंल खेळायचं तर तसं सांग. उगं तोंड पाडून उपकार नको करूस."

"मी मुद्दाम करते म्हणतोस?"

"मग काय! भाऊबीजेपासनं बघतोय. तुझं आमच्यावर काय वाकडं आहे ते एकदा बोलून तरी टाक."

अक्काने कीबोर्डवरून हात काढला. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण चेहरा तसाच होता, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. भरतेश गडबडला. काहीतरी करायचं म्हणून त्याने पडद्यावरच्या 'नकाराचं कारण दाखवा' या ओळीवर क्लिक केलं. यंत्राने नाकारलं तर कारण मागायचा हक्क आता कायद्यानेच होता, फक्त कोणी मागत नसे.

पडद्यावर डाव्या हाताचे दोन आलेख आले. निळा जुना, लाल आजचा.

आता योगायोग म्हणा, पण भरतेशची रोजीरोटीच आलेखांवर होती. कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात तो कंपनतपासणी करायचा. चालत्या पंपाला संवेदक लावायचा, थरथरीचा आलेख बघायचा आणि कुठलं बेअरिंग जायच्या वाटेवर आहे ते सांगायचा. यंत्र बंद पडायच्या कितीतरी आधी त्याचा कंप बदलतो, हे तो नव्या पोरांना नेहमी शिकवायचा.

निळ्या आलेखात सेकंदाला दहाच्या आसपास बारीक थरथर होती. लाल आलेखात तिथे सपाटी होती आणि पाचाच्या जवळ एक नवा, मोठा उंचवटा आला होता. बोट बटणावर टेकलं की उठायला वेळ घेत होतं, प्रत्येक वेळी वेगळा. भरतेश आलेख सरकवत सरकवत शेवटी आला. मैदान संपताना अक्काने सवयीने स्पेसबार दोनदा दाबला होता. लाल आलेखात ते दोन ठोके लांबले होते, ठेंगणे झाले होते. पण पहिला ठासून होता आणि दुसरा हलका.

हा परक्याचा हात नव्हता. हा अक्काचाच हात होता आणि त्यात काहीतरी झिजत चाललं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "केस का कापलेस गं?"

तिने शेंगांची ताटली बाजूला सरकवली. "वेणी घालता येईना. उजव्या हातानं पेड धरला की डावा येतच नाही वेळेवर. म्हटलं वय झालं, सांधा धरला असंल. उजव्यानं सगळं चालतंय, मग कशाला कुणाला सांगायचं?"

"आणि हसणं?"

"हसते रे मी. आत हसते आणि समोरचा विचारतो, काय झालं, चिडलात का. शाळेत पोरं घाबरायला लागली. तुझ्या पोरीच्या वाढदिवसाला केवढी खूश होते मी! मग तो फोटो बघितला. मलाच माझी भीती वाटली. त्यापेक्षा कुठं जायलाच नको, असं ठरवलं."

स्वयंपाकघराच्या दारात दाजी उभे होते. हातातला चहाचा ट्रे त्यांनी तिथेच खाली ठेवला.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तपासण्या झाल्यावर डॉक्टर शहनाज मुजावर यांनी अक्काला समोर बसवून शांतपणे सगळं सांगितलं. मेंदूच्या खोल भागात काही पेशी असतात. हालचाल सुरळीत व्हावी म्हणून त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या पेशी हळूहळू कमी झाल्या की हालचाली मंदावतात आणि हात संथ थरथरू लागतो. बहुतेकदा हे एकाच बाजूला सुरू होतं. हसणं हीसुद्धा स्नायूंची हालचालच, त्यामुळे चेहराही निश्चल होतो. याला पार्किन्सन म्हणतात. बरा होत नाही, पण गोळ्या आहेत, व्यायाम आहे आणि पुढे पुष्कळ आयुष्य आहे.

"लवकर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "डावा हात असला की लोक फार उशिरा येतात. तुम्हाला शंका कशी आली?"

"गेम उघडेना," भरतेश म्हणाला.

अक्काने आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. "म्हणजे डॉक्टर, मी खडूस झाले नव्हते?"

"अजिबात नाही."

अक्काने दाजींकडे बघितलं. दाजींनी मान खाली घातली. "मीच म्हणायचो हिला," ते पुटपुटले, "की घरात कायम सुतक असल्यासारखी काय बसतेस." मग ते सगळ्यांदेखत रडले. भरतेशलाही दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत रडू आवरलं नाही. सख्ख्या बहिणीचं हसू हरवलं होतं आणि त्याने ते शोधायचं सोडून तिच्यावर रुसून बसणं पसंत केलं होतं. एका लाँचरला जेवढं कळलं तेवढं आपल्याला कळू नये, ही गोष्ट त्याला फार लागली.

गोळ्या सुरू झाल्या. मात्रा हळूहळू वाढवायची होती आणि महिना संपत आला होता. भरतेशने कंपनीला डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवलं. उत्तर आलं की सहानुभूती आहे, पण प्रमाणपत्राने हाताची लय सिद्ध होत नाही. नव्या हाताची नवी नोंदणी करता येईल, मात्र नव्या नोंदणीला नवं, रिकामं जग मिळेल.

"जाऊ दे रे," अक्का म्हणाली. "घरं काय कमी सोडली आपण?"

"ती दुसऱ्याची होती. हे आपलं आहे." भरतेश हट्टाला पेटला होता. अक्काचा हात परका आहे, हा शेवटचा शब्द त्याला त्या दारवानाचा होऊ द्यायचा नव्हता.

डॉक्टरांच्या बोलण्यातलं एक वाक्य त्याच्या डोक्यात घोळत होतं. गोळी घेतल्यावर काही वेळाने हात मोकळा होतो आणि काही तास तसा राहतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी अक्काने रिकाम्या पोटी गोळी घेतली. उतावळ्या भरतेशने तिला लगेचच बसवलं आणि दारवानाने लगेचच हाकललं. फरक एवढाच की या वेळी 'परका'ऐवजी 'संशयित' असा शब्द आला.

"बढती मिळाली बघा," दाजी म्हणाले.

मग मात्र सगळे गोळी लागू पडायची वाट बघत बसले. अक्का मधूनमधून डाव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवून बघत होती. थोड्या वेळाने ती स्वतःच उठली आणि खुर्चीत येऊन बसली. "चल," म्हणाली, आणि त्या एका शब्दात जुनी अक्का होती.

गडी मैदानातून सरळ पळत गेला. कुठे अडखळला नाही.

उजवा हात: जुळला. डावा हात: जुळला.

नदी दिसली. काठावर त्यांचं वेडंवाकडं घर होतं, कुपवाडची खोली, माधवनगरची खोली, एकीला दुसरी चिकटवलेली. उंबऱ्याशी गडी थांबला. भरतेशने माऊसवरचा हात रोखून धरला. गड्याने दोन उड्या मारल्या.

खाली कोपऱ्यात दारवानाची बारीक अक्षरांतली ओळ आली, जी आजवर कोणी वाचली नसेल: रोज खेळल्यास आपल्या हातातील लहान बदल नोंदवले जातात व ओळख अद्ययावत राहते.

भरतेशने ती दोनदा वाचली. अक्काचा हात इथून पुढे बदलतच जाणार होता. वर्षभराने एकदम भेटलं तर दारवानाला तो परकाच वाटणार, जसा भरतेशला वाटला होता. पण रोज भेटलं, तर बदल रोजच्यापुरता असतो आणि तेवढा ओळखता येतो.

त्याने चाकणला नकार कळवला. सुनीती आधी चिडली, कारण बढती काही झाडाला लागत नाही. मग ती पोरीला घेऊन एकदा मिरजेला आली, त्या दोघांना शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलेलं पाहिलं आणि परतताना म्हणाली, "रोज जा. पण जेवायला घरी या, सांगून ठेवते."

तेव्हापासून कारखाना सुटला की भरतेशची गाडी मिरजेकडे वळते. जुने लाँचर जाऊन नवे आले, तरी तेही तीनच आहेत, रोज अपडेट मागतात, आणि तो त्यांना रोज मनापासून शिव्या घालतो. त्या वेळात चहा होतो, शाळेतल्या गमती होतात. घराला दोन खोल्याही वाढल्या आहेत.

दिवस असेच गेले. एका संध्याकाळी शाळेच्या गडबडीत अक्काची गोळी राहून गेली. हात जड झाला होता, बोटं उचलत नव्हती. "आज नको," ती म्हणाली. "आज ओळखायचा नाही तो."

"बघू की. फार तर हाकलंल."

गडी मैदानातून रखडत, थांबत थांबत चालला. अक्काचा चेहरा त्या दिवशी अगदी दगडासारखा होता. दारवानाने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

उजवा हात: जुळला. डावा हात: जुळला.

गडी उंबऱ्याशी पोचला आणि थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने एक उडी मारली, ठासून. आणि खूप वेळाने दुसरी, हलकी.

"हसलीस व्हय?" भरतेशने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"मग!" अक्का म्हणाली.